नकोसे फोन आणि संदेश : ते का येतात आणि आपण काय करावे

दांडिया बाजार, रावपुरा, राजमहाल रोड या भागांत एके काळी बडोद्यातील बरीचशी मराठी घरे एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर होती. कोणाकडे मुंज ठरली, कोणाची तब्येत बरी नाही, कीर्तन किती वाजता आहे, हे सारे तोंडी कळत असे. आता हीच घरे मांजलपूर, गोत्री, वाघोडिया रोड अशी दूरदूर पसरली आहेत. मुले पुण्यात, बंगळुरात किंवा परदेशात आहेत. मंडळाचा सभासदांशी रोजचा संबंध आज मुख्यतः मोबाइलवरच्या संदेशांतूनच राहतो.

म्हणून गेल्या काही वर्षांत वाढलेल्या नकोशा फोन-संदेशांकडे केवळ कटकट म्हणून पाहून चालणार नाही, असे आम्हाला वाटते. त्यांच्यामुळे दोन प्रकारचे नुकसान होते. एक सर्वांना ठाऊक आहे : एखाद्याची आयुष्यभराची पुंजी जाऊ शकते. दुसरे सहसा लक्षात येत नाही : रोज वीस निरर्थक संदेश येऊ लागले की माणूस एकविसावा संदेशही उघडत नाही, आणि तो एकविसावा कोणाच्या निधनाचा किंवा तातडीने रक्त हवे असल्याचा असू शकतो. या लेखात असे संदेश का येतात, ते कसे ओळखावे आणि आले तर काय करावे, हे क्रमाने सांगण्याचा प्रयत्न केला आहे.

‘स्पॅम’ हा शब्द

न मागता, एकाच वेळी असंख्य लोकांना पाठवलेल्या संदेशाला ‘स्पॅम’ म्हणतात. हा शब्द मुळात अमेरिकेतील एका डबाबंद मांसाच्या पदार्थाचे नाव आहे. होर्मेल कंपनीने तो १९३७ साली बाजारात आणला. पुढे १९७० मध्ये ‘माँटी पायथन’ या ब्रिटिश विनोदी मंडळींनी दूरचित्रवाणीवर एक प्रहसन केले. त्यात एका उपाहारगृहात जो पदार्थ मागावा त्यात स्पॅम असतेच, आणि शेजारी बसलेली माणसे त्याच शब्दाचा असा घोष लावतात की इतरांचे बोलणेच ऐकू येत नाही. संगणकावर गप्पा मारणाऱ्या मंडळींनी हा शब्द उचलला तो याच कारणाने. गोंगाटात कामाचे बोलणे बुडून जाणे, हाच स्पॅमचा मूळ अर्थ आहे.

खोड जुनी, साधन नवे

ही खोड मात्र मोबाइलहून पुष्कळ जुनी आहे. १८६४ साली लंडनमधील काही राजकीय पुढाऱ्यांच्या घरी तार आली. तार म्हणजे काहीतरी गंभीर असणार, असे समजून त्यांनी ती उघडली, तर आत दंतवैद्यांच्या दवाखान्याची जाहिरात होती. त्याबद्दलची तक्रार ‘द टाइम्स’ या वृत्तपत्रात छापून आली.

आपल्याकडे साखळीपत्रांचा अनुभव जुन्या मंडळींना आहेच. देवाच्या नावाने पोस्टकार्ड यायचे : हा मजकूर अकरा जणांना लिहून पाठवा, लाभ होईल, न पाठवल्यास अनिष्ट घडेल. त्या पत्राचा प्रसार एका गोष्टीने आपोआप रोखला जात असे. अकरा कार्डे विकत आणायची, अकरा वेळा हाताने लिहायची आणि टपालपेटीत नेऊन टाकायची, एवढे कष्ट घ्यावे लागत. कितीतरी साखळ्या कंटाळ्यानेच तुटत.

संगणकाने हा अडसर काढून टाकला. ३ मे १९७८ रोजी डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीतील गॅरी थर्क यांनी आपल्या नव्या संगणकांची जाहिरात ‘अर्पानेट’ या तेव्हाच्या जाळ्यावरील सुमारे ४०० जणांना एकदम पाठवली. ई-मेलवरील हे पहिले स्पॅम मानले जाते. १९९४ मध्ये अमेरिकेतील एका वकील दांपत्याने ग्रीन कार्डविषयीची आपली जाहिरात ‘यूजनेट’वरील हजारो चर्चागटांत टाकली, आणि त्यानंतर हा मार्ग अनेकांनी धरला. एकाला पाठवा किंवा एक कोटीला, पाठवणाऱ्याचा खर्च जवळपास तेवढाच राहतो. सगळा त्रास इथून सुरू होतो.

पस्तीस कोटींत अठ्ठावीस गिऱ्हाइके

‘असल्या संदेशांना कोण फसतो?’ असे आपण सहज म्हणतो. याचे उत्तर आकड्यांत मिळते. २००८ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली आणि सॅन डिएगो येथील संशोधकांनी एका स्पॅम-जाळ्याचा आतून अभ्यास केला. २६ दिवसांत त्या जाळ्यातून औषधविक्रीच्या जाहिरातीचे जवळपास ३५ कोटी ई-मेल गेले. त्यांतून खरेदीपर्यंत किती जण पोहोचले? केवळ २८.

आपल्या दुकानदाराला कोटीमागे एकही गिऱ्हाईक मिळाले नाही तर तो दुकान बंद करील. पण पाठवण्याला खर्चच नसेल तर तेवढ्यावरही धंदा चालतो. म्हणून ‘सगळे लोक शहाणे झाले की स्पॅम थांबेल’ ही आशा फोल आहे. सगळे कधीच शहाणे होत नसतात, आणि पाठवणाऱ्याला सगळे नकोच असतात.

याच्याच जोडीची दुसरी गोष्ट. परदेशातील राजपुत्राचा कोट्यवधींचा वारसा तुम्हाला मिळणार आहे, अशी पत्रे पुष्कळांना आली असतील. इतके बालिश पत्र कोणी का लिहावे? मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागातील कॉर्मक हर्ली यांनी २०१२ मध्ये याचे उत्तर मांडले. संदेश पाठवणे फुकट आहे, पण पुढे प्रत्येक उत्तर देणाऱ्याशी बोलत बसणे हे कष्टाचे काम आहे. तेव्हा चौकस माणूस पहिल्याच वाक्याला हसून बाजूला झालेला त्यांना बराच. जो इतके वाचूनही उत्तर देतो, तोच त्यांच्या उपयोगाचा. थोडक्यात, तो बालिशपणा म्हणजे चाळणी आहे.

यातून आपल्यासाठी एक सरळ नियम निघतो : ठकाला हवे असते ते आपले उत्तर. ‘हा नंबर चालू आहे आणि इथला माणूस बोलतो’ एवढे कळले तरी त्याचे निम्मे काम होते. म्हणून गंमत म्हणून त्याला झुलवत ठेवणे, शिव्या देणे, ‘मला पुन्हा संदेश पाठवू नका’ असे लिहिणे किंवा अनोळखी ई-मेलच्या तळाशी असलेले नाव वगळण्याचे बटण दाबणे, यांतले काहीच करू नये. ओळखीच्या दुकानाच्या किंवा बँकेच्या खऱ्या जाहिरातीतले ते बटण वापरायला हरकत नाही; अनोळखी पत्रातले मात्र टाळावे.

मराठीत बोलला म्हणजे आपला, असे नव्हे

आपल्यासारख्या महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या लोकांची एक खास अडचण आहे. आपल्या फोनवर येणारे बहुतेक नकोसे संदेश गुजराती, हिंदी किंवा इंग्रजीत असतात. ते परके वाटतात, म्हणून आपण सावध असतो. पण पलीकडून कोणी ‘नमस्कार काका, मी पुण्याहून बोलतोय’ असे म्हटले की आपण सैल होतो. दिवसभर गुजरातीत व्यवहार करून घरी आलेल्या माणसाला मराठी आवाज म्हणजे घरचाच आवाज वाटतो. हे स्वाभाविक आहे, आणि आपल्या समाजाचे ते बळही आहे.

परंतु आज कोणताही मजकूर संगणकाकडून क्षणात मराठीत करून घेता येतो, आणि एखाद्याच्या आवाजाची नक्कलही करता येते. त्यामुळे भाषा, आडनाव, कुलदैवत, मूळ गाव यांची माहिती समोरच्याला असणे हा ओळखीचा पुरावा राहिलेला नाही. ही माहिती आपल्याच एखाद्या सूचीतून त्याच्यापर्यंत पोहोचलेली असू शकते. भाषेमुळे आपुलकी जरूर वाटावी. पैसे आणि पासवर्ड यांच्याबाबत मात्र दुसऱ्या मार्गाने खात्री करून घ्यावी.

ओळखण्याच्या खुणा

सर्वच व्यापारी संदेश फसवे नसतात. आपल्या देशात यासाठी दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ‘ट्राय’ने नियम केले आहेत. २०१८ च्या नियमावलीनुसार व्यापारी संदेश पाठवणाऱ्या संस्थेने आपली आणि आपल्या संदेशांची आधी नोंदणी करावी लागते. फेब्रुवारी २०२५ मध्ये या नियमावलीत महत्त्वाची दुरुस्ती झाली. त्यातील उपयोगी खुणा अशा :

• नोंदणीकृत एसएमएस दहा आकडी मोबाइल क्रमांकावरून येत नाही. तो अक्षरांच्या नावाने येतो आणि त्या नावाच्या शेवटी आडव्या रेघेनंतर एक इंग्रजी अक्षर असते. ‘पी’ म्हणजे जाहिरात, ‘एस’ म्हणजे सेवाविषयक, ‘टी’ म्हणजे व्यवहाराचा (उदाहरणार्थ ओटीपी) आणि ‘जी’ म्हणजे सरकारी. ‘आज रात्री वीज तोडली जाईल’ असा संदेश साध्या दहा आकडी क्रमांकावरून आला, तर तो पुढे वाचायचीही गरज नाही.

• जाहिरातीचे फोन १४० ने सुरू होणाऱ्या क्रमांकांवरून यावेत असा नियम आहे. बँका, विमा कंपन्या आणि सरकारी खात्यांचे सेवाविषयक फोन यांसाठी १६०० ने सुरू होणारे क्रमांक ठरवले आहेत. शाखेतील एखादे ओळखीचे अधिकारी कधी साध्या क्रमांकावरूनही बोलतात. अशा वेळी फोन ठेवावा आणि पासबुकावरील शाखेच्या क्रमांकावर आपण स्वतः फोन करावा. खऱ्या अधिकाऱ्याला याचा राग येत नाही.

• व्हॉट्सॲपवर संदेशाच्या वर दोन बाण दिसले, तर तो अनेक हातांतून फिरत आलेला आहे. पाठवणारी व्यक्ती ओळखीची असली तरी मजकूर तिचा नाही.

या खुणा उपयोगी आहेत, पण ठक त्या शिकून घेतात. न बदलणाऱ्या खुणा तीनच : घाई, भीती आणि गुप्तता. ‘अर्ध्या तासात केवायसी करा’, ‘तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले’, ‘घरच्यांना सांगू नका, फोन चालू ठेवा’. यांतली दोन एकत्र आली की पक्के समजावे. विशेषतः ‘डिजिटल अरेस्ट’बद्दल हे लक्षात ठेवावे की व्हिडिओ कॉलवरून अटक करण्याची कोणतीही तरतूद आपल्या कायद्यात नाही. पोलीस, सीबीआय किंवा न्यायालय फोनवरून पैसे भरायला सांगत नाही.

आणखी एक प्रकार लग्नसराईत येतो. लग्नपत्रिका म्हणून एक फाइल पाठवली जाते आणि तिच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ अशी अक्षरे असतात. पत्रिका ही चित्राच्या किंवा पीडीएफच्या रूपात असते. एपीके हे फोनमध्ये बसणारे ॲप असते. ते बसवले की आपले संदेश आणि ओटीपी दुसरा माणूस वाचू शकतो. वाहनाच्या दंडाचे चलन, बँकेची केवायसी अशा नावांनीही याच फाइली फिरतात. फाइल पाठवणारी व्यक्ती नात्यातली असली तरी आधी फोन करून विचारावे, कारण तिचाच फोन दुसऱ्याच्या ताब्यात गेलेला असू शकतो.

डीएनडी करूनही फोन का येतात?

सभासदांकडून हा प्रश्न नेहमी येतो. १९०९ या क्रमांकावर फोन करून, एसएमएस करून किंवा ट्रायच्या डीएनडी ॲपवरून आपण व्यापारी संदेश बंद करू शकतो. ही नोंद नियम पाळणाऱ्या, नोंदणीकृत कंपन्यांना लागू पडते. ठक मुळात कुठे नोंदलेलाच नसतो, त्यामुळे डीएनडीने तो थांबत नाही. तरीही डीएनडी करावे, असेच आम्ही सुचवतो. खऱ्या जाहिरातींचा गोंगाट कमी झाला की उरलेला खोटा फोन लवकर डोळ्यांत भरतो.

नुसता क्रमांक ब्लॉक केल्याने आपली सुटका होते, शेजाऱ्याची होत नाही. तक्रार केली तर दोघांचीही होऊ शकते. ई-मेलमधील चाळण्या यावरच चालतात. २००२ साली पॉल ग्रॅहम यांनी एका लेखात अशी चाळणी सोप्या रीतीने मांडली. लोकांनी नको म्हणून बाजूला काढलेल्या पत्रांत कोणते शब्द वारंवार येतात आणि हव्या असलेल्या पत्रांत कोणते, याची गणना करून संगणक नव्या पत्राबद्दल अंदाज बांधतो. म्हणजे आपण ‘स्पॅम’ हे बटण दाबतो तेव्हा त्या चाळणीला एक नवे उदाहरण मिळते. व्हॉट्सॲपवरही ब्लॉक करताना ‘रिपोर्ट’ करावे.

तक्रार कुठे करावी

१. नको असलेला व्यापारी फोन किंवा एसएमएस आला तर १९०९ वर तक्रार करावी. २०२५ च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी सात दिवसांची मुदत आहे, आणि नोंदणी नसलेल्या पाठवणाऱ्याविरुद्ध तक्रार करायला आपण आधी डीएनडी केलेले असण्याची अट राहिलेली नाही.

२. फसवणुकीचा प्रयत्न वाटला, पण पैसे गेलेले नाहीत, तर दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ या संकेतस्थळावर किंवा ॲपवर ‘चक्षु’ नावाची सोय आहे. ती मार्च २०२४ मध्ये सुरू झाली.

३. पैसे गेले असतील तर एक मिनिटही न घालवता १९३० वर फोन करावा आणि बँकेला कळवावे. पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात फिरत असतात. ते काढून घेतले जाण्याआधी कळवले तर गोठवता येण्याची शक्यता असते. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या सूचनेनुसार खातेदाराने स्वतः ओटीपी सांगितला असल्यास बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे आणि कळवल्यानंतरचे बँकेचे असते. उशिराची किंमत यावरून लक्षात यावी.

फोनमध्येही दोन गोष्टी आजच करून घेता येतील. व्हॉट्सॲपच्या प्रायव्हसी विभागात अनोळखी फोन मुके करण्याची सोय आहे, आणि आपल्याला गटात कोणी घालावे हेही तिथेच ठरवता येते. तिथे ‘माय काँटॅक्ट्स’ निवडावे. ज्यांना जमत नसेल त्यांनी घरातील किंवा शेजारच्या तरुणाला सांगावे. हे पाच मिनिटांचे काम आहे.

सभासद-सूची आणि वधू-वर सूची

शेवटी आपल्या हातातली गोष्ट. ठकाला नुसत्या क्रमांकापेक्षा क्रमांकाबरोबरची माहिती अधिक मोलाची असते. आपल्या सभासद-सूचीत नाव, पत्ता, वय आणि फोन असतो. वधू-वर सूचीत त्याच्या जोडीला शिक्षण, नोकरी, पगार, मामाचे आडनाव आणि मूळ गावही असते. अशी पीडीएफ एकदा गटात पडली की ती कुठवर जाईल, हे कोणाच्याच हातात राहत नाही. एखाद्या आजोबांना त्यांच्या नातीचे नाव घेऊन फोन येतो, तेव्हा ते नाव अशाच कागदावरून उचललेले असू शकते.

म्हणून सर्व सभासदांना आमची विनंती आहे की या सूच्या पुढे पाठवू नयेत. ज्याला हवी असेल त्याने कार्यालयात येऊन पाहावी. गणेशोत्सवाची वर्गणी, कोजागिरीची किंवा दिवाळी पहाटेची प्रवेशिका यांसाठी संदेशातून आलेल्या लिंकवर किंवा क्यूआर कोडवर पैसे भरू नयेत. कार्यालयातील कोड वापरावा आणि पावती मागून घ्यावी. मंडळाच्या नावाने कोणी पैसे मागितले, मग तो अध्यक्षांच्या छायाचित्रासह आलेला संदेश का असेना, तरी कार्यालयात फोन करून विचारावे. अशी विचारणा म्हणजे अविश्वास, असे येथे कोणी मानणार नाही.

एक गोष्ट ज्येष्ठांच्या घरच्यांसाठी. फसलेला माणूस पैशांपेक्षा लाजेने अधिक खचतो आणि म्हणूनच कोणाला सांगत नाही. मग १९३० वर फोन करायचे महत्त्वाचे पहिले तास तसेच निघून जातात. ‘एवढे शिकलेले असून कसे फसलात?’ हा प्रश्न घरात कोणी विचारू नये. हा धंदा पस्तीस कोटींत अठ्ठावीस जणांवर चालतो, आणि त्या अठ्ठावीसांत थकव्याच्या किंवा काळजीच्या एखाद्या क्षणी कोणीही असू शकतो. आधी फोन लावावा, बाकीचे नंतर बोलावे.

मंडळाच्या गटात शुभेच्छांची चित्रे आणि पुढे ढकललेले संदेश न टाकण्याची विनंती आम्ही पुन्हा करीत आहोत, तीही याच हेतूने. गटावर दिवसाकाठी एखादाच संदेश आला आणि तो कामाचा असला, तर तो सर्वांकडून वाचला जाईल. मांजलपूरच्या कोणाला रात्री अपरात्री मदत लागली, तर ते गोत्रीत लगेच कळले पाहिजे, एवढीच आमची अपेक्षा आहे.